चारात एक

"चारात एक झालं ना मॅडम, मग हा कसा काय बिमार?"

गडचिरोली जिल्ह्यातल्या आमच्या रुग्णालयात मी सिकलसेलची, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, समुपदेशक. समोरच्या जोडप्याचा जुना कागद पाहिला आणि पोटात गोळा आला. मोठ्या मुलीचा इलेक्ट्रोफोरेसिसचा, म्हणजे हिमोग्लोबिनच्या तपासणीचा, रिपोर्ट मीच समजावला होता. मुलगी एसएस, म्हणजे आजारी; आईबाप दोघंही एएस, म्हणजे वाहक: स्वतः आजारी नाहीत, पण दोष मुलांकडे जाऊ शकतो. आता आईच्या मांडीवर आठ महिन्यांचं पोर, हातपाय टम्म सुजलेले. सुरुवातीचे काही महिने गर्भातलं हिमोग्लोबिन अंगात टिकतं, तोवर बाळ ठणठणीत दिसतं. घरच्यांना वाटलं, सुटलो.

तेव्हा मी चार चौकोन काढले होते: एक निरोगी, दोन वाहक, एक आजारी. पाठ केलेलं भाषण. त्यांनी ते चार चौकोन म्हणजे चार मुलं धरली. मुलीनं सगळ्यांच्या वाट्याचं दुखणं घेतलं, बाकीची मोकळी. चौकोन पाहून दुसरं काय समजणार? सासूनं मात्र सगळा दोष सुनेच्या माथी मारला होता.

स्वयंपाकघरातून तूर आणि तांदूळ मागवले. दोन काडेपेट्या रिकाम्या केल्या, एक आईची, एक बापाची. प्रत्येकीत तुरीचा एक दाणा, तांदळाचा एक. न बघता दोन्हींतून एकेक काढायचा. दोन्ही तुरी आल्या तर एसएस, एकच आली तर वाहक. आणि खरी गोम पुढंच: दाणे परत पेटीत टाकायचे.

नवऱ्यानं काढले. तूर-तांदूळ. मग तूर-तूर. दाणे परत टाकले, पेट्या हलवल्या, पुन्हा तूर-तूर. तो थांबला.

"म्हणजे मागच्या खेपेला काय निघालं, हे पेटीला आठवतच नाही."

प्रशिक्षणात इतकं नेमकं मला कोणी सांगितलं नव्हतं. दर खेपेला 25 टक्के, आधी काहीही झालेलं असो.

तिसऱ्या खेपेचं बाईनंच विचारलं. दिवस राहिले की लगेच या, म्हटलं. दहाव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा नमुना घेऊन गर्भाची तपासणी होते, पण त्यासाठी मोठ्या शहरात जावं लागतं. धाकट्या दिराची सोयरीक चालली होती, त्यालाही रक्त तपासायला बोलावलं. भाऊ वाहक, मग त्याच्यातही दोष असण्याची शक्यता निदान निम्मी. सॉल्युबिलिटी टेस्टला, म्हणजे प्राथमिक तपासणीला, बोटाचं थेंबभर रक्त पुरतं.

उठताना नवऱ्यानं काडेपेट्या उचलल्या.

"नेऊ काय, मॅडम? यातली एक माझी आहे, हे आईला दाखवतो."