आमची वाटचाल : रेसच्या घोड्यांपासून भीमथडीपर्यंत

आमची रायडिंग स्कूल पुणे जिल्ह्यात आहे, छोटीच आहे. मी, माझी बायको आणि घोड्यांचं सगळं बघणारी दोन माणसं. सुरू केली तेव्हा आमच्याकडे इतर बऱ्याच क्लबसारखेच रेसमधून रिटायर झालेले थरोब्रेड घोडे होते. देखणे, उंच, पळायला जबरदस्त, आणि मोठ्या माणसांना शिकवायला अजूनही मला ते आवडतात. पण चौकशीचे फोन यायचे ते जास्त करून लहान मुलांच्या आईवडिलांचे, आठ-नऊ वर्षांचं पोरगं आणि समोर सोळा हातांचा घोडा, म्हणजे पाठीची उंचीच पाच फूट चार इंचांच्या आसपास. मुलाचे पाय खोगीराच्या खालीसुद्धा येत नाहीत, मग ते पायाने इशारा देणार कसं, आणि घोडा दचकला तर तेवढ्या उंचीवरून पडणार. म्हणून पोनी घ्यायचं ठरलं. जगभरात १४८ सेंटीमीटरपर्यंतच्या घोड्याला पोनी धरतात आणि आपल्याकडे त्या मापात बसणारी देशी जनावरं भरपूर आहेत.

पर्याय बरेच होते. मणिपुरी पोनी पोलोचा, स्पिती आणि झांस्करी थंड डोंगराळ भागातले, मारवाडी-काठियावाडी तर यात्रांमध्ये सगळीकडे दिसतात पण ते तसे उंच आणि तेज. आम्ही भीमथडी घ्यायचं ठरवलं कारण ते इथलंच जनावर आहे. भीमेच्या काठच्या मुलखातली ही जात, इथल्या डोंगरी तट्टांचा अरबी आणि तुर्की घोड्यांशी संकर होऊन मराठेशाहीच्या काळात घडलेली, दख्खनी म्हणूनही ओळखतात. इथलं ऊन, इथला दगड, इथला कडबा, हे सगळं त्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे. अलीकडेच तिला स्वतंत्र जात म्हणून सरकारी नोंदही मिळाली आणि मला त्याचा मनापासून आनंद झाला, कारण त्याआधी लोक सरळ "गावठी" म्हणून सोडून द्यायचे.

आता ही जनावरं बघायची कुठे, तर शोरूम नाही ना. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत जा, तिथे लाखालाखाच्या गोष्टी चालतात आणि सगळा जोर रंग, उंची, पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंड पांढरं) आहे का, रेवाल म्हणजे न हिंदकळणारी भरभर चाल कशी आहे, केसांचे शुभ-अशुभ मानलेले भोवरे कुठे आहेत यावर. बघायला सुंदर, मी दरवर्षी जायचा प्रयत्न करतो. पण मुलांना बसवायच्या पोनीसाठी त्यातलं काहीच कामाचं नाही हे माझं ठाम मत आहे. मानेवरच्या भोवऱ्यावरून किंमत पडलेली चांगली घोडी मिळाली तर मी डोळे झाकून भोवरा विसरतो आणि डोळे उघडून तिचे पाय बघतो. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत कामाची जनावरं जास्त असतात, तिथे वेळ द्यायला परवडतं.

पण आमची सगळ्यात चांगली जनावरं आली ती धनगरांच्या वाड्यांवरून, म्हणजे त्यांच्या फिरत्या मुक्कामांवरून. दिवाळीनंतर बारामती, फलटण, नगरकडचे मेंढपाळ कळप घेऊन कोकणाकडे निघतात तेव्हा त्यांचं बिऱ्हाड याच घोड्यांच्या पाठीवर असतं. एकदा एका वाड्यावर मी नुसता बसून बघत होतो. घोडी उभी, मागचा पाय सैल सोडलेला, बाईंनी आधी वाकळा टाकल्या, त्यावर भांडी, ती खणखण वाजली तरी घोडीने कान हलवले नाहीत, मग पिशवीत कोकरू, पिंजऱ्यात कोंबड्या, आणि सगळ्यात वर दोन-अडीच वर्षांचं पोर. शेजारून ट्रक हॉर्न मारत गेला, कुत्री भुंकली, घोडी जागची हलली नाही. मी विचारलं, मामा, ही विकायची का? ते म्हणाले, "ही न्हाय इकायची, हिच्या जिवावर पोरं हायत. हिचं शिंगरू मोठं झालंय, ते बघा." ते बघितलं आणि घेतलं, आता आमच्याकडची अगदी नवी मुलं त्याच्यावरच पहिल्यांदा बसतात. आईचा स्वभाव बघायला मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे, यात्रेत ते शक्यच नसतं.

या घोड्यांची एक अडचण मात्र आधीच सांगतो. ती ओझ्याची जनावरं आहेत, बसायची सवय बऱ्याच जणांना नसते आणि लगाम माहीत नसतो. तोंड मऊ असतं हा त्यातला फायदा, कोणी ओढून ओढून खराब केलेलं नसतं, पण खोगीर, तंग (पोटाखालचा पट्टा), रिकीब (पाय ठेवायची कडी), पायाचे इशारे हे सगळं पहिल्यापासून शिकवावं लागतं आणि त्यात महिने जातात. नवीन रायडरने स्वतःसाठी असं कोरं जनावर घेऊ नये, दोघंही नवखे असतील तर दोघांचेही हाल होतात. त्याने शिकलेलं, सात-आठ वर्षांच्या पुढचंच घ्यावं.

जनावर बघताना मी आधी पाठीवरून हात फिरवतो. वाकळ किंवा झूल टाकून दाखवत असतील तर काढायला सांगतो. पांढऱ्या केसांचे ठिपके म्हणजे तिथे कधीतरी ओझ्याने जखम झालेली आहे, जुनी असेल आणि दाबल्यावर घोडं अंग चोरत नसेल तर चालतं, चोरत असेल तर नाही. मग चारही खूर उचलून बघायचे. खुराच्या मधल्या मऊ भागातून कुजका वास आला तर ओल्या जागेत बांधलेलं आहे, ते बरं होतं, पण खुराच्या बाहेरच्या भिंतीला आडव्या कंगोऱ्यांच्या रेघा आणि खूर पुढे लांबलेला असेल तर लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतला दाह, होऊन गेला असण्याची शक्यता असते आणि मी तिथूनच परत फिरतो. मग कडक जमिनीवर सरळ दुडक्या चालीने पळवायला सांगायचं, दोर सैल ठेवून. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर जातं आणि चांगला पाय टेकताना खाली येतं, दोर आवळून धरला की हे दिसत नाही म्हणून सैल. वय दातांवरून. पाच वर्षांचं झालं की पटाशीचे सगळे दात पक्के येतात, त्याआधी बदलणारे दुधाचे दात दिसतात, आणि वरच्या कोपऱ्यातल्या दातावर साधारण दहाव्या वर्षी हिरडीपाशी खाच दिसायला लागते, ती पंधराच्या आसपास निम्म्यापर्यंत येते. चार वर्षांच्या आतलं शिंगरू घेतलं तरी त्याच्यावर बसायचं नाही, हाडं भरू द्यायची, यात आमच्याकडे तडजोड नाही.

वजनाचं तर मी प्रत्येक पालकाला सांगतो. खोगीरासकट बसणाऱ्याचं वजन घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत हवं. काटा नसला तरी टेप असतो. पुढच्या पायांमागून छातीचा घेर घ्या, खांद्याच्या टोकापासून मागच्या पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी घ्या, सेंटीमीटरमध्ये, घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,९००, अंदाजे किलो आले. म्हणजे घेर १४० आणि लांबी १३० असेल तर घोडं २१४ किलोचं, त्याच्यावर जास्तीत जास्त ४२-४३ किलो, त्यातले सहा किलो खोगीराचे धरले तर ३६-३७ किलोचं मूल. वडील म्हणतात मी पण एक फोटो काढतो वरती बसून, मी नाहीच म्हणतो, वाईट वाटलं तरी चालेल.

पसंत पडलं तरी लगेच पूर्ण पैसे नाहीत. इसार देतो आणि रक्त तपासायला पाठवतो. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. हा रोग माणसालाही होतो आणि जनावर पॉझिटिव्ह आलं तर २००९ च्या कायद्याप्रमाणे त्याला दयामरण द्यावं लागतं, म्हणजे एक चुकीचं जनावर आणलं तर सगळी पागा संकटात. सोबत सर्राची पण करून घेतो, तो रक्तातल्या परजीवीचा रोग चावऱ्या माश्यांमुळे पसरतो आणि गुरांच्या शेजारी राहिलेल्या घोड्यात असू शकतो. एका व्यापाऱ्याने तपासणीचं नाव काढल्यावर इसार परत केला आणि दुसऱ्या गिऱ्हाईकाला विकलं. बरं झालं म्हटलं. रिपोर्ट चांगला आला तरी नवीन जनावर तीन आठवडे वेगळं, बादली वेगळी, खरारा वेगळा, आणि धनुर्वाताची लस पहिल्याच आठवड्यात.

मुलांसाठी आम्ही घोडी किंवा खच्ची केलेलाच घोडा ठेवतो. पूर्ण नर कितीही गरीब वाटला तरी शेजारी माजावर आलेली घोडी आली की त्याचं लक्ष मुलाकडे राहत नाही, त्याचा दोष नाही तो. खच्ची केल्यावर पण स्वभाव शांत व्हायला काही महिने द्यावे लागतात.

आणि खाणं. थरोब्रेडला देतो तसा हरभरा, लसूणघास, गूळ या देशी पोनीला घालायचा मोह होतो, लोक प्रेमाने घालतातही. ती थोडक्यावर जगायला घडलेली जनावरं आहेत, मानेवर चरबीचा घट्ट पट्टा जमायला लागला की समजायचं खुराक जास्त होतोय आणि पुढे लॅमिनायटिस होऊन खूर जाणार. आमच्याकडे त्यांना वाळलं गवत, कडब्याची कुट्टी, मीठ, भरपूर पाणी आणि रोजचं काम, बाकी थोडं डॉक्टर सांगतील तसं.

आता थरोब्रेड कमी केले आहेत, मुलांची बॅच पूर्ण भीमथडीवर चालते. आपल्याकडे तयार मिळणारी बरीचशी खोगीरं थरोब्रेडच्या अरुंद पाठीसाठी बनवलेली असतात, या घोड्यांच्या रुंद गोल पाठीवर ती सरकतात किंवा चिमटा काढतात, म्हणून एका कारागिराकडून मापाची बनवून घेतो आहोत. दिवाळीआधी, वाडे कोकणाकडे निघायच्या आत, पुन्हा फेरी आहे. दोन घोड्या बघायच्या आहेत, एक कुमैत (तांबूस-तपकिरी) आणि एक अबलक (पांढऱ्या पट्ट्यांची), दोन्ही आठ वर्षांच्या आतल्या सांगितल्यात, दात बघूनच काय ते ठरवू. कोणाला सोबत यायचं असेल तर या, फक्त पहाटे निघावं लागेल, ऊन चढल्यावर थकलेलं घोडं शांतच दिसतं.