केव्हीएम स्विच बदलला की माउस बिथरायचा, त्याची गोष्ट

दोन कॉम्प्युटर, एक मॉनिटर, एक कीबोर्ड, एक माउस आणि मधे केव्हीएम स्विच, म्हणजे हे सगळं कधी या कॉम्प्युटरला तर कधी त्या कॉम्प्युटरला जोडणारी डबी. सगळं जुन्या गोल पिनांचं, पीएस/२. विंडोजवर काही तक्रार नव्हती. तिकडून लिनक्सवर परत आलं की मात्र माउस बिथरायचा. जरा हलवला की पॉइंटर कोपऱ्यात जाऊन आदळायचा, मेनू आपोआप उघडायचे, फाइल उचलून भलत्याच फोल्डरमध्ये पडायची.

मशीन बंद करून (चालू मशीनमध्ये पीएस/२ची काढघाल करू नये) माउस थेट मागे लावला, तर गुपचूप चालला. म्हणजे माउस ठीक, गोची स्विचपाशी. कीबोर्ड शाबूत होता, म्हणून कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून टेक्स्ट कन्सोलवर गेलो आणि कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) लॉग, म्हणजे नोंदवही, काढला. माउसच्या ड्रायव्हरच्या (माउसशी बोलणाऱ्या प्रोग्रामच्या) नावाने ओळींमागून ओळी: ताळमेळ सुटला, बाइट फेकून दिला.

खरी गंमत इथे आहे. साधा पीएस/२ माउस हालचालीच्या प्रत्येक नोंदीला ३ बाइट पाठवतो. पहिल्यात बटणं आणि दिशा, दुसऱ्यात आडवं सरकणं, तिसऱ्यात उभं. चाकवाला माउस ४ पाठवतो, पण लगेच नाही. ड्रायव्हरने सॅम्पल रेट (सेकंदाला किती नोंदी) ओळीने २००, १००, ८० असा लावला, की ठरलेली टकटक ऐकून दार उघडावं तसा चौथा बाइट सुरू होतो. हे सगळं ड्रायव्हर चढताना ठरतं. पुढे स्विचने माउसला परत ३ वर आणलं, तर लिनक्सला त्याचा पत्ताच नसतो. तो आपला ४ मोजत बसतो. मग सरकण्याचा आकडा बटणांचा म्हणून वाचला जातो आणि कोणी न दाबता क्लिक होतं!

ड्रायव्हर मॉडप्रोब या कमांडने काढून पुन्हा चढवला की माउस ताळ्यावर यायचा. पण दर वेळी हे कोण करत बसणार? शेवटी 'पीएसमाउस' ड्रायव्हरला 'प्रोटो' (माउसशी कोणत्या पद्धतीने बोलायचं) या सेटिंगसाठी 'आयएमपीएस' ही किंमत कायमची देऊन टाकली. आता तो जास्त बटणांच्या मोडच्या मागे लागत नाही, साधा चाकवाला मोड धरतो. माझ्या स्विचलाही बहुधा तेवढाच लक्षात ठेवता येतो, कारण उड्या थांबल्या. 'बेअर' हा अगदी साधा ३ बाइटचा मोडही चालला असता, पण त्यात चाक जातं, आणि चाकाशिवाय लांबलचक लॉग वाचायची माझी तयारी नाही.

बाजूची दोन बटणं तेवढी गेली. ब्राउझरमध्ये मागे जायला आता ऑल्ट आणि डावा बाण.