शिरे नदीच्या काठावर पुन्हा पुन्हा उभी राहणारी घरे

मलावीच्या दक्षिण टोकाला असलेल्या चिकवावा आणि न्सांजे या जिल्ह्यांतील पुरांविषयी मी गेली काही वर्षे मिळेल ते वाचत आहे. मिठी नदीपासून जवळच राहणाऱ्या आणि २६ जुलै २००५ चे ९४४ मिलिमीटर अनुभवलेल्या मुंबईकराला त्यात परके वाटावे असे फारसे काही नाही. मलावी सरोवरातून निघणारी शिरे नदी या जिल्ह्यांतल्या सखल खोऱ्यातून वाहत जाऊन पुढे मोझांबिकमध्ये झांबेझीला मिळते. २०१५ च्या जानेवारीत तिथे मोठा पूर आला. २०१९ च्या मार्चमध्ये इडाई, २०२२ च्या जानेवारीत ॲना आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये गोम्बे ही वादळे आली. २०२३ च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियाच्या बाजूला जन्मलेले फ्रेडी अख्खा हिंदी महासागर ओलांडून आले, मोझांबिकला दोनदा धडकले आणि मार्चमध्ये त्याने दक्षिण मलावीत सहा महिन्यांचा पाऊस सहा दिवसांत पाडला. मृत आणि बेपत्ता मिळून हजाराहून अधिक माणसे गेली.

अशा बातम्यांखाली हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, ही माणसे तिथे परत जातातच का? मिठीकाठच्या वस्त्यांविषयीही तो विचारला जातो, आणि दरवेळी मला तितकाच राग येतो. शिरेच्या काठावर पूर ओसरला की गाळाची ओल मागे राहते आणि त्या ओलीवर, पाऊस नसलेल्या महिन्यांतही, मका व भाजीपाला पिकतो. या शेतांना तिथे ‘दिंबा’ म्हणतात. उंचावरच्या जमिनीला अशी ओल नाही, आणि ती बहुधा आधीच कुणाच्या तरी वहिवाटीत असते. सरकारने उंचावर जायला सांगितलेली कुटुंबे पुन्हा खाली उतरतात ती याच हिशेबाने, आणि तो हिशेब चुकीचा आहे असे मला वाटत नाही.

घर पडण्याचे कारण मात्र नुसता पूर नाही. बहुतेक घरांच्या भिंती उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांच्या असतात, त्या मातीच्याच गाऱ्यात रचलेल्या असतात आणि छप्पर गवताचे असते. पाणी काही तास भिंतीच्या पायथ्याशी थांबले की खालचे थर विरघळू लागतात आणि वरचा शाबूत भाग स्वतःच्या वजनाने खाली येतो. भट्टीत भाजलेली वीट वापरली तर भिंत टिकते, परंतु भट्टीला लाकूड लागते, त्यासाठी डोंगरावरची झाडे तुटतात, उघडी पडलेली माती वाहून नदीत येते आणि पात्र उथळ झाल्याने पुढचा पूर आणखी पसरतो. थोडे सिमेंट मिसळून यंत्रात दाबलेल्या, न भाजलेल्या मातीच्या विटा हा मला यातला सर्वांत समंजस मार्ग वाटतो. अडचण आहे ती सिमेंटच्या किमतीची.

दूर बसून सहज लक्षात न येणारी गोष्ट आहे वेळापत्रकाची. वादळांचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. पाऊस थांबल्याशिवाय विटा वाळत नाहीत आणि छपराचे गवत वाळून कापायला येत नाही, म्हणून जानेवारीत घर गेलेले कुटुंब मेपर्यंत ताडपत्रीखाली किंवा शाळेत काढलेल्या छावणीत राहते, आणि तितके दिवस त्या शाळेतले वर्ग बंद राहतात. नंतरच्या पाच-सहा महिन्यांत शेतही पाहायचे आणि घरही बांधायचे असते. ॲनानंतर २०२२ च्या त्या कोरड्या महिन्यांत ज्यांनी भिंती उभ्या केल्या, त्यांच्या वाट्याला त्या पुरत्या जुन्या व्हायच्या आत फ्रेडी आले.

त्यामुळे मदतीची रक्कम किती यापेक्षा ती कधी पोहोचते याला मी अधिक महत्त्व देतो. ऑगस्टमध्ये आलेल्या सिमेंटने पक्का पाया घालता येतो. तेच डिसेंबरमध्ये आले तर गोणी भिजू न देणे हेच एक काम होऊन बसते. आणि पैसे थोडेच असतील तर संपूर्ण पक्क्या घरापेक्षा ते आधी जोत्यावर खर्च व्हावेत: दगडी पाया, त्यावर गावकऱ्यांना आठवणाऱ्या सर्वांत मोठ्या पुराच्या पातळीहून निदान हातभर उंच जोते, आणि भिंतीवर पाऊस झोडपणार नाही इतके बाहेर काढलेले छप्पर. एवढे झाले तर वरच्या कच्च्या भिंतींनाही पुढचा पूर सोसण्याची संधी मिळते.