टेक्निकल फाऊल माझ्या नावावर

बास्केटबॉलच्या मॅचमध्ये रेफ्रीनं शिट्टी मारली, दोन्ही हातांचा टी करून, म्हणजे टेक्निकल फाऊल, आमच्या बेंचकडे दाखवला. मागं वळून पाह्यलं तर आमच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्षसाहेब खुर्चीवरून उठून साइडलाइनच्या आत आलेले, एक चप्पल तिकडंच राहिलेली, आणि ओरडतायत, "अवो पोरीहो, प्रेस करा नं, प्रेस!" रेफ्रीनं मला विचारलं हे कोण, स्कोअरशीटवर नाव आहे का. नाव नव्हतंच. म्हणून फाऊल लागला माझ्या, म्हणजे कोचच्या, नावावर, आणि समोरच्यांना एक फ्री थ्रो.

पण चूक माझीच होती, सुरुवातीपासून सांगतो.

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका गावातल्या शाळेत पीटी शिकवतो. त्या वर्षी आमची संस्था नव्या लोकांच्या हाती गेली, अध्यक्ष झाले एक जिनिंगवाले भाऊ, माणूस दिलदार, पण सगळं आजच पाहिजे. आमची सतरा वर्षांखालच्या मुलींची बास्केटबॉल टीम लागोपाठ तीन वर्षं जिल्ह्यात पहिल्याच मॅचला हरून येत होती. मुरमाचं ग्राउंड, फक्कीच्या रेषा, बॉल टप्पा मारला की कुठं उडेल त्याचा भरवसा नाही. म्हटलं यांच्याकडून सिमेंटचं कोर्ट काढायचं तर गोष्ट सांगावी लागेल, म्हणून मी त्यांना सॅक्रामेंटो किंग्सची सांगितली. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे, 2013 मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगची ही टीम घेतली, 53 कोटी 40 लाख डॉलरच्या मूल्यांकनावर, टीम तेव्हा सिएटलला जायच्या बेतात होती, ती सॅक्रामेंटोतच ठेवली, 2016 मध्ये नवीन स्टेडियम उघडलं. आणि त्याच्या आधीची गंमतही सांगितली, की स्वतः कधी बास्केटबॉल न खेळलेला हा माणूस मुलीच्या टीमचा कोच झाला आणि नुसत्या फुल कोर्ट प्रेसवर, म्हणजे समोरच्यांना अख्ख्या कोर्टभर अडवत राहण्यावर, त्या बारा वर्षांच्या पोरी नॅशनलपर्यंत गेल्या.

साहेबांनी स्टेडियम सोडलं आणि प्रेस तेवढा पकडला.

वरून कोणीतरी त्यांना मोबाईलवर पुढचंही वाचून दाखवलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये येऊन म्हणाले, "सर, त्या मालकानं एकाच सीझनमधी तीन कोच पाह्यले म्हनते?" खरं होतं ते. डिसेंबर 2014 मध्ये 11 जिंकून 13 हरलेले असताना कोच मायकेल मलोनला काढलं, मग टायरॉन कॉर्बिन, मग फेब्रुवारीत जॉर्ज कार्ल, आणि शेवटी सीझन 29 विजय, 53 पराभव. हे आकडे मी सांगितले, पण साहेब हसत होते आणि माझ्या खुर्चीकडं पाहत होते असं मला वाटलं. मी अॅड्हॉकवर आहे हो, पक्का नाही.

तर मॅचचा दिवस. सोयाबीन सोंगणीचे दिवस, दोन पोरी शेतात, आल्या सातच. साहेबांनी आदल्या दिवशी नवे बूट आणले, प्रेमानं, पण सगळे एकाच मापाचे. पहिल्या क्वार्टरला आम्ही झोन लावून, म्हणजे बास्केटजवळ आपापली जागा धरून, बसलो, 9-6 नं मागे, म्हणजे आमच्या मानानं लग्नच. मग साहेब बेंचवर आले आणि म्हणाले आता प्रेस. मी म्हटलं साहेब, प्रेसला बदली पोरी लागतात, दोनच आहेत. "सर, तुम्हीच त सांगतलं होतं."

आता याच्यावर काय बोलणार.

आणि खोटं कशाला बोलू, पहिले तीन मिनिटं ते चाललं. शहरातल्या त्या पोरींना आठ सेकंदात अर्धं कोर्ट पार करता येईना, आमच्या सात नंबरनं लागोपाठ दोन बॉल हिसकले, 12-9 आम्ही पुढं! तेवढ्यातच साहेब आत घुसले आणि तो टेक्निकल. मग पाय थकले आणि हात बोलायला लागले. थकलेल्या पोरीचा प्रेस म्हणजे फाऊलच. तिसऱ्या क्वार्टरला सात नंबर पाच फाऊलवर बाहेर, मग अजून दोघी, आणि शेवटची पाच मिनिटं कोर्टवर आमच्या चारच. 41-19.

साहेब काही बोलले नाहीत, सगळ्यांना समोसे घेऊन दिले आणि गाडीनं निघून गेले. आम्ही बसस्टँडवर. सात नंबरनं बूट काढला तर मोजा टाचेला चिकटलेला, ती पाणी टाकून टाकून सोडवत होती, तोंडातून आवाज नाही. मधेच म्हणाली, "सर, त्या किंग्सचं मंग काय झालं?"

म्हटलं, प्लेऑफला, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांना, गेले ना, 2023 मध्ये, 48 जिंकून 34 हरून. त्याच्या आधी 2006 ला गेले होते. (माइक ब्राउन नावाच्या कोचनं नेलं, डिसेंबर 2024 मध्ये त्यालाही काढलं, पण हे काही मी तिला सांगितलं नाही.)

तिनं बोटावर मोजलं. "म्हंजे मालक आल्यावर दहा वर्षं?"

"हो."

"मले त मार्चमधी दहावी हाय, सर," म्हणाली आणि तो बूट पिशवीत टाकून अनवाणीच बसमध्ये चढली.