हिरव्या वांग्याचं शुभेच्छापत्र

मी आपल्या शाळेतून १९९४ साली दहावी झाले. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत लिहा असा निरोप आला, तेव्हा डोळ्यांपुढे पहिल्यांदा आला तो चित्रकलेचा तास आणि बाईंच्या टेबलावरचा घोटीव कागदाचा गठ्ठा.

आम्ही आठवीत होतो. १९९१ ची दिवाळी तोंडावर आली होती. बाजारात छापील शुभेच्छापत्रं लागलेली, त्यांच्यावर गुलाब नाहीतर बर्फाचे डोंगर. बाई म्हणाल्या, "गुलाब सगळेच धाडतात. तुम्ही आपल्या ताटातलं काहीतरी धाडा. गावाबाहेर राहणाऱ्या आपल्या माणसाला काय खावंसं वाटत असेल, त्याच आकाराचं पत्र कापा." कुणीतरी विचारलं, विकत मिळतं तर हाताने कशाला करायचं? त्यावर बाईंनी साने गुरुजींची गोष्ट सांगितली. गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवत होते तेव्हा छात्रालयातल्या मुलांसाठी स्वतःच्या हाताने लिहून दैनिक काढायचे. एवढंच सांगून बाईंनी कात्री उचलली.

निम्म्या वर्गाने वांगं करायचं ठरवलं आणि आम्ही सगळ्यांनी जांभळा कागद मागितला, कारण पुस्तकातल्या चित्रात वांगं जांभळं होतं. बाईंनी कागद दिलाच नाही. "काल घरी भरीत कशाचं झालं? ते वांगं कुठल्या रंगाचं होतं?" वर्ग गप्प. जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यातली आम्ही पोरं. शाळेत येताना रोज वांग्याच्या वावरावरून येत होतो, आणि आपलं भरताचं वांगं हिरवं असतं, त्यावर पांढरट रेघा असतात, हे एकालाही आठवलं नाही. दुसऱ्या दिवशी बाईंनी खरं वांगं आणून टेबलावर ठेवलं. मग हिरवा कागद, त्यावर खडूच्या पुसट रेघा, आणि देठ गडद हिरवा, वेगळा कापून चिकटवलेला. २०१६ साली जळगावच्या भरताच्या वांग्याला आणि केळीला भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी वाचली, तेव्हा मला ते टेबलावरचं वांगंच आठवलं.

कापण्याचं तंत्र बाईंनी एकदाच सांगितलं, ते आजही हातात आहे. कार्डशीटची घडी घालायची, आकार असा काढायचा की त्याचा थोडा तरी भाग घडीवर टेकेल, आणि तेवढ्या भागाला कात्री लावायची नाही. वांग्याची घडी वर, देठाशी. दोन बोटं जागा राखली की पत्र उघडतं-मिटतं. भाकरी सगळ्यात सोपी, गोल कागद मधोमध दुमडला की झालं. कळण्याच्या भाकरीसाठी आम्ही वह्यांच्या कव्हराचा खाकी कागद घ्यायचो आणि त्यावर पेन्सिलीच्या शिशाची भुकटी बोटाने चोळायचो. ज्वारीत काळे उडीद दळले की जो राखट रंग येतो, तो हुबेहूब उतरायचा. शेवभाजीच्या तर्रीला लाल जिलेटीनचा कागद. केळं मात्र कुणालाच जमेना. त्याची पाठ वाकडी आणि घडी सरळ, मग टेकणार कुठे? शेवटी बाईंनीच वाट काढली. एक केळं करू नका, फणी करा. केळी जिथे एकत्र जुळतात तिथे घडी घ्यायची आणि खाली पाच बोटं मोकळी सोडायची.

मी घाईत वांग्याची घडीच कापून टाकली. दोन वांगी हातात आली आणि मला रडू फुटलं. बाई रागावल्या नाहीत. दोन्ही देठांना दाभणाने भोक पाडलं, हिरवा दोरा ओवून सैल गाठ मारली आणि म्हणाल्या, "आता हे घडीपेक्षा छान उघडतं बघ." खरंच तसं उघडायचं. ते वांगं मी आत्याला धाडलं.

दादांसाठी मात्र मला मांडा, म्हणजे खापरावरची पातळ पुरणपोळी, करायचा होता. आम्ही वडिलांना दादा म्हणायचो. दादा सुरतला कापडाच्या कारखान्यात होते, भुसावळ-सुरत गाडीने वर्षातून दोन-तीनदा यायचे. त्या दिवाळीला सुट्टी नाही, असं पत्र आलं होतं. मांड्याला जाड कागद चालणार नाही हे मला कळत होतं. आजी पालथ्या खापरावर मांडा टाकायची तेव्हा तो तिच्या दोन्ही हातांवर इतका पातळ पसरलेला असायचा की पलीकडचा उजेड दिसायचा. मी पतंगाचे दोन पांढरे ताव घेतले, चहाच्या पाण्यातून काढून दोरीवर वाळवले. मध्ये पुरणासाठी पिवळा कागद घातला आणि कडांना मैद्याची खळ लावली. घट्ट चहात चिंधीचा बोळा बुडवून जागोजाग डाग उठवले. आजी ओट्यावरून बघत होती. "काय करून राह्यली वं?" तिने विचारलं. दाखवलं तर म्हणाली, "डाग मधी जास्त पाड, कडीले कमी. मधी आच जास्त लागते." मी तसंच केलं. मग रुमालासारखी चौकोनी घडी. शाई फुटली असती म्हणून आतला मजकूर पेन्सिलीने लिहिला.

दादांचं उत्तर पंधरा दिवसांनी आलं, पोस्टकार्डावर. "मांडा पोचला. खोलीतल्या सगळ्यांना दाखवला. ओडिशाकडच्या पोरांना मांडा काय ते ठाऊक नव्हतं, त्यांना खापरापासून सगळं सांगितलं. उघडताना एका घडीवर फाटला. आजीला सांग, तिचाही फाटतो तिथेच."

आजीला मी ते कार्ड तीनदा वाचून दाखवलं.

बाई आता आपल्यात नाहीत. महोत्सवाच्या मेळाव्याला येताना मी हिरवा घोटीव कागद, कार्डशीट आणि चार कात्र्या घेऊन येणार आहे. आठवीच्या जुन्या वर्गात, खिडकीजवळच्या बाकावर बसेन. ज्यांची माणसं लांब आहेत त्यांनी जरूर यावं, पत्ता सोबत आणावा. दाभण आणि दोराही ठेवणार आहे.