वर्षाला 40 पौंड

भाचीला एम.ए.ला जेन ऑस्टिनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ आहे. ती सुट्टीला आमच्याकडे नाशिकला आली, तेव्हा तिची प्रत मी वाचून काढली. ती त्यातल्या नायकावर, डार्सीवर, फिदा आहे. मी मात्र एकोणिसाव्या प्रकरणाशी अडले.

त्यात कॉलिन्स नावाचा पाद्री नायिकेला, एलिझाबेथ बेनेटला, लग्नाची मागणी घालतो आणि त्याच दमात तिला ऐकवतो की तुझ्या वाट्याला काय येणार हे मला ठाऊक आहे: चार टक्के व्याजाचे 1000 पौंड, तेही आईच्या माघारी. सीबीएस बसस्थानकाजवळ एका वकिलांच्या ऑफिसात मी दस्त तयार करते, त्यामुळे आकडा दिसला की हिशोब होऊनच जातो. वर्षाला 40 पौंड. वडिलांचं उत्पन्न वर्षाला 2000. इस्टेट अशी बांधलेली की ती पुरुष वारसालाच जाणार, आणि तो वारस म्हणजे हाच कॉलिन्स. एलिझाबेथ नाही म्हणते ती नुसत्या एका कंटाळवाण्या माणसाला नाही, स्वतःच्या राहत्या घराला. आई आणि चार बहिणींच्या डोक्यावरच्या छपरालासुद्धा.

म्हणून मला एलिझाबेथच्या आईचं, मिसेस बेनेटचं, हसू येत नाही. ती मोठ्याने बोलते, चारचौघांत मुलींची लाज काढते, हे खरं. पण पाच मुली, आणि नवरा गेला की घर दुसऱ्याचं, ही काळजी त्या घरात ती एकटी वाहते. बेनेटसाहेब खोली लावून पुस्तकं वाचतात. त्यांचे टोमणे वाचकांना आवडतात. मला त्यांचा राग येतो. मुलगा होईल आणि मग इस्टेटीचं बघू, या भरवशावर त्या माणसाने मुलींसाठी काही शिल्लकच टाकलेली नाही.

मग शार्लट, एलिझाबेथची मैत्रीण. वय 27, रूप बेताचं, हाती पैसा नाही. तीन दिवसांत कॉलिन्सची ती दुसरी मागणी, आणि ती हो म्हणते. आपल्याला फक्त सुखाचं घर हवंय, असं ती एलिझाबेथला स्पष्ट सांगते. एलिझाबेथला धक्का बसतो. भाचीलाही बसला होता. ‘मावशी, असं कसं कुणी करू शकतं?’ मी तिला म्हटलं, तू शिकतेस, उद्या कमावशील. शार्लटला कमावण्याची वाट दाखव आणि मग विचार. पुढे एलिझाबेथ तिच्या घरी राहायला जाते, तेव्हा शार्लटने स्वतःची बसायची खोली मागच्या बाजूला ठेवलेली दिसते, म्हणजे नवरा सारखा तिथे येऊन बसणार नाही. मला ती बाई फार आवडली.

उच्च-नीच वर्गाचं म्हणाल तर डार्सीची मावशी लेडी कॅथरीन आपल्याकडच्या कुठल्याही बैठकीत शोभेल. एलिझाबेथ तिला सांगते की डार्सी सभ्य घरातला, मीही सभ्य घरातली मुलगी, इथवर आम्ही बरोबरीचे. त्यावर म्हातारीचा प्रश्न: पण तुझी आई कोण? मामा, मावश्या कोण? आपल्या बायोडेटात ‘मामाकुळ’ असा रकाना असतोच की! एलिझाबेथचा मामा लंडनात व्यापार करतो, म्हणून नाकं मुरडली जातात. त्यात पुढे डार्सीचा मित्र बिंगले याच्या बहिणी, ज्यांची स्वतःची श्रीमंती व्यापारातूनच आलेली. आणि डार्सी अखेर माणूस म्हणून कळतो तो याच मामा-मामीशी अदबीने वागतो तेव्हा. एलिझाबेथने नकार दिल्यावर त्याने लिहिलेल्या खुलाशाच्या लांबलचक पत्राचं वगैरे मला काही वाटलं नाही. पेंबर्लीत, म्हणजे आपल्या इस्टेटीवर, तो मामाला ‘या, मासे धरायला या’ म्हणतो, तिथे तो मला पटला.

ही कादंबरी 1813 मध्ये आली. इंग्लंडातल्या त्या मुलींना हक्कच नव्हता. आपल्याकडे वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका जन्मतः वाटा, हे देशभर हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने आलं. दुरुस्तीच्या वेळी वडील हयात असण्याची अट नाही, हेही सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. तरी माझ्या टेबलावर हक्कसोडपत्रं येतच असतात. निफाडच्या, दिंडोरीच्या बहिणी येतात, द्राक्षबागेतला वाटा भावाच्या नावे सोडून जातात. मी प्रत्येकीला दस्त मराठीत मोठ्याने वाचून दाखवते आणि विचारते, ताई, काय सोडताय ते कळलं ना? बहुतेक जणी म्हणतात, ‘कळलं हो, पण माहेर तुटायला नको.’ हा हिशोब मला खोटा ठरवता येत नाही. सासरी काही बिनसलं तर त्यांना परत यायला तेच एक दार असतं. शार्लटनेही असंच दार पाहिलं होतं.

भाचीचं स्थळ पिंपळगावचं आलंय. मुलगा चांगला आहे, दोघं फोनवर बोलतात, तिला तो आवडलाय असं दिसतं. बघायला आलेल्या मंडळींनी तिच्या आईला, म्हणजे माझ्या बहिणीला, सहज विचारलं की तुमच्या माहेरच्या जमिनीचं काय झालं. तिने सांगितलं, सातबाऱ्यावर आम्हा दोघी बहिणींची नावं आहेत आणि ती तशीच राहणार आहेत. भाऊ दर दिवाळीला विषय काढतो. आम्ही भाऊबीजेला जातो, ओवाळतो, जेवतो, आणि सही न करता परत येतो.