आमची वाटचाल : स्नेअर आमचाच होता

आमच्या स्टुडिओचं नाव सांगितलं की समोरचा विचारतो, "म्हणजे ते गाणं तुमच्याकडेच झालं ना?" हो म्हटलं की लगेच पुढचं, "पण ड्रम्स तर नंतर त्या मोठ्या स्टुडिओत पुन्हा वाजवले म्हणतात." या दुसऱ्या वाक्याला उत्तर देऊन देऊन तोंड दुखलं. आता लिहूनच टाकतो, म्हणजे यापुढे कुणी विचारलं की हेच वाचायला देता येईल. बँडचं नाव घेणार नाही, कारण पोरं चांगली आहेत आणि त्यांना या भांडणात ओढायचं नाही. मोठ्या स्टुडिओचंही घेणार नाही, कारण त्यांच्याकडे वकील आहेत.

सुरुवातीची वर्षं भराभर सांगतो. जिंगल्स, समूहगायनाचे डेमो, ऑडिओबुक्स, कंपन्यांच्या माहितीपटांचे आवाज. बिलं वेळेवर निघायची, पैसे उशिरा यायचे. या वर्षांवरच धंदा उभा राहिला, पण त्यांत सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखी आहे ती खोली. समांतर भिंती नाहीत, छत उंच आहे, कोपऱ्यांत खालचा घुमारा शोषणारे जाड बेस ट्रॅप आहेत. मिक्सिंग डेस्क दुसऱ्याकडून घेतलेलं, पण पॅच बेची, म्हणजे सगळ्या तारा जिथे जोडतात त्या पट्टीची, एकेक वायर मी स्वतः सोल्डर केलेली. मॉनिटर, म्हणजे काम ऐकायचे स्पीकर, यामाहाचे एनएस१०. यामाहाने ते १९७८ साली घरगुती स्पीकर म्हणून बाजारात आणले, घरात कुणाला आवडले नाहीत आणि स्टुडिओवाल्यांनी उचलले. २००१ साली त्यांचं उत्पादन थांबलं, कारण त्या पांढऱ्या कोनसाठी लागणारा लगदा मिळेना. आमचे कोन अजून मूळचे आहेत. ते कानाला गोड वाजत नाहीत, मिडरेंजमधली घाण तोंडावर फेकतात. त्यांच्यावर जे बरं वाजतं ते सगळीकडे बरं वाजतं. नव्या पोरांना माझं सांगणं आहे की मॉनिटर बदलत बसू नका, जे आहेत त्यांची सवय करा.

तर बँड आला. गाणं त्यांचं पहिलंच, लेबल, म्हणजे गाणं बाजारात आणणारी कंपनी, तीही त्यांच्यासारखीच नवी. लेबलवाल्यांची अट अशी की गाणं तुमच्याकडे रेकॉर्ड करू, पण ड्रमर आमचा, सेशनचा, म्हणजे पैसे देऊन बाहेरून बोलावलेला. बँडचा ड्रमर म्हणे क्लिकवर, म्हणजे हेडफोनमध्ये वाजणाऱ्या टकटक तालावर, टिकत नाही. पोरगा कोपऱ्यात काठ्या हातात घेऊन बसलेला, हे सगळं त्याच्यासमोरच चाललेलं. मी त्यांना १९६२ सालची गोष्ट सांगितली. बीटल्सच्या पहिल्या सिंगलसाठी, 'लव्ह मी डू'साठी, लंडनच्या ईएमआय स्टुडिओत तीन वेगवेगळ्या वेळी तीन ड्रमर बसले. जूनमध्ये पीट बेस्ट, ४ सप्टेंबरला रिंगो स्टार आणि ११ सप्टेंबरला सेशनवाला अँडी व्हाइट, तेव्हा रिंगोच्या हातात टॅम्बोरिन दिली. ५ ऑक्टोबरला सिंगल निघाली तेव्हा तिच्यावर रिंगोचाच टेक होता. अल्बमवर मात्र व्हाइटचा गेला. कोणता कुठला ते ओळखायला सोपं आहे, टॅम्बोरिन ऐकू आली की तो व्हाइट. ती सिंगल ब्रिटनमध्ये १७ व्या क्रमांकापर्यंत गेली आणि रिंगोचं पुढे काय झालं ते सांगायला नको. लेबलवाला म्हणाला, "तुम्ही इतिहास सांगू नका, टेम्पो सांभाळा."

मी क्लिक बंद केला. चौघांना एकाच खोलीत उभं केलं, गिटारचे अँप गोबोंच्या, म्हणजे सरकत्या आडभिंतींच्या, मागे, बेस गिटार अँपशिवाय डीआयच्या खोक्यातून थेट, गाणारीला बूथमध्ये गाइड व्होकल, म्हणजे तात्पुरतं गाणं. क्लिकशिवाय तो पोरगा बेसवाल्याच्या खांद्याकडे बघून वाजवतो आणि कोरसला दोघं मिळून किंचित पुढे सरकतात. रॉकमध्ये ते चालतं. चालतं काय, तेच हवं असतं. आजकाल प्रत्येक फटका कॉम्प्युटरच्या ग्रिडवर ओढून बसवतात आणि मग गाण्यात जीव का नाही म्हणून प्लगइन विकत घेतात.

माइकिंग आता नीट सांगतो, कारण सगळी भानगड तिथेच आहे. ओव्हरहेडसाठी, म्हणजे ड्रम्सच्या वरच्या माइकसाठी, ग्लिन जॉन्सची पद्धत. १९६८ साली ऑलिम्पिक स्टुडिओत लेड झेपलिनचा पहिला अल्बम याच गृहस्थांनी रेकॉर्ड केला. एक माइक स्नेअरच्या, म्हणजे ड्रमरच्या गुडघ्यांमधल्या कडक वाजणाऱ्या ड्रमच्या, वर, दुसरा फ्लोअर टॉमच्या, म्हणजे जमिनीवरच्या मोठ्या ड्रमच्या, बाजूने स्नेअरकडे तोंड करून, आणि स्नेअरपासून दोन्हींचं अंतर अगदी सारखं. मी ते दोऱ्याने मोजतो. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे वीतभर इकडेतिकडे झालं तरी स्नेअर सरकतो. दोऱ्याला लोक हसतात. हसू देत.

स्नेअरला वरून एक एसएम५७, खालून दुसरा. शुअर कंपनी हा माइक १९६५ पासून बनवते आणि आमच्याकडचे दोन इतके पडलेत, आपटलेत की जाळीचा आकार राहिलेला नाही. तरी वाजतात. वरची कातडी काठीखाली दबते तेव्हा ती वरच्या माइकपासून लांब जाते आणि खालची कातडी खालच्या माइकच्या अंगावर येते. म्हणजे दोन्ही माइकमधून सिग्नल एकमेकांच्या उलटे येतात. तसेच मिसळले तर एकमेकांना खातात, आणि स्नेअरचं पोट नाहीसं होतं. म्हणून खालच्या माइकची पोलॅरिटी, म्हणजे सिग्नलची दिशा, उलटवायची, हे पहिल्या आठवड्यातच शिकवतात. मी ती नेहमी रेकॉर्डिंगलाच प्रीअँपवर उलटवतो आणि ट्रॅक शीटवर, म्हणजे कोणत्या ट्रॅकवर काय आहे त्या कागदावर, लिहितो. त्या दिवशीही लिहिलं. लाल पेनने, चौकट करून : 'स्नेअर खालचा – पोलॅरिटी उलटवलेली आहे, पुन्हा उलटवू नये.' यापेक्षा स्पष्ट काय लिहायचं असतं ते मला कुणीतरी सांगावं.

किकच्या, म्हणजे पायाने वाजवायच्या ड्रमच्या, पेडलचं एक सांगायचं राहिलं. त्याची बिजागरी कुरकुरायची. तेल घातलं, स्प्रिंग सैल केली, तरी पाय दाबला की आधी बारीक 'चीं' आणि मग ठोका. टेक इतका छान आला होता की ती कुरकूर तशीच ठेवली. सुरुवातीला गिटार एकटी असते आणि किक आत येते, तिथे कान दिला तर आजही ऐकू येते. छापून निघालेल्या सिंगलमध्येही ऐकू येते, मोठ्या स्टुडिओच्या मिक्समध्येही. आता मला सांगा, ड्रम्स पुन्हा वाजवले म्हणणाऱ्यांनी आमचं कुरकुरणारं पेडल तिकडे कसं नेलं?

मिक्स, म्हणजे सगळे ट्रॅक मिसळून गाणं तयार करणं, आमच्याकडे होणार नाही हे आधीच ठरलं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. लेबलला मोठं नाव हवं होतं. आम्ही सगळे ट्रॅक एकाच ठिकाणापासून सुरू होतील असे काढून दिले, सोबत आमचं रफ मिक्स आणि ट्रॅक शीट. शीट कागदावर, आणि स्कॅन करून फोल्डरमध्येही.

तिकडच्या मिक्स करणाऱ्या साहेबांनी शीट उघडलं नाही. खालचा स्नेअर दिसला, सवयीने बोट पोलॅरिटीच्या बटणावर गेलं. म्हणजे मी सरळ केलेलं त्यांनी पुन्हा उलटं केलं. स्नेअर पातळ झाला. मग पातळ आहे म्हणून त्याच्याखाली सॅम्पल, म्हणजे आधी रेकॉर्ड केलेला आयता फटका, लावलं, ते फटक्याच्या किंचित मागे पडलं आणि राहिलेला जीवही गेला. मग त्याच्यावर आवाजाची टोकं दाबणारा लिमिटर. सॅम्पलखालून आमची खोली ऐकू येत होती, ती रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, टाकून झाकली. रफ मिक्स एकदा लावून ऐकलं असतं तरी एवढ्यात कळलं असतं.

सिंगल निघाली. गाण्याचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. रेडिओवर कोरस लागला की लोक सोबत म्हणायचे, कार्यक्रमांत पोरांना तेच गाणं पुन्हा म्हणायला लावायचे. बँड मोठा झाला, त्यात मला आनंदच आहे. पण परीक्षणं लिहिणाऱ्यांतल्या ज्यांना कान होते त्यांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं : गाणं दमदार, आवाज खणखणीत, ड्रम्स मात्र पोकळ. यावर साहेबांनी एका मुलाखतीत सांगितलं की त्यांच्याकडे आलेलं रेकॉर्डिंगच फेजमध्ये नव्हतं, म्हणजे माइक एकमेकांना खात होते, जमेल तेवढं सावरलं. त्यातूनच पुढे कुणीतरी ड्रम्स पुन्हा वाजवल्याची पुडी सोडली. कौतुक झालं ते त्यांच्या मिक्सचं आणि दोष आमच्या रेकॉर्डिंगचा. क्रेडिट्समध्ये आमचं नाव नव्हतंच, पण दोष द्यायची वेळ आली तेव्हा सगळ्यांना बरोबर आठवलं.

आमच्या धंद्यात 'फेज चुकली' हे वाक्य ज्याच्यावर बसलं त्याच्याकडे ड्रम्सवाला बँड फिरकत नाही. ठरलेली बुकिंग्ज गेली. कुणी भांडून गेलं नाही, सगळे गोड बोलून गेले : तारखा जमत नाहीत, बजेट बदललं, पुढच्या वेळी नक्की. भाडं थकलं. चांगला व्हॉल्व्ह कॉम्प्रेसर विकला, मग एक कंडेन्सर माइक, मग दुसरा. एनएस१० ला गिऱ्हाईक आलं होतं, त्याला हाकललं. हेडफोनच्या तारा जोडायलाही कुणी ठेवणं परवडेना. घरी खोली सोडायचं बोलणं झालं. मालकाला कळवायचं पत्र लिहून तयार होतं.

त्या काळात येत राहिल्या त्या एकट्या बाई. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात, बँड येण्याच्या कितीतरी आधीपासून. वाचून झालेल्या पानाला घडी घालत नाहीत, फाडलेल्या जुन्या पाकिटाची पट्टी ठेवतात. पान उलटताना आवाज येऊ नये म्हणून पुस्तक आधीच सुटं करून आणतात, एकेक पान वेगळं, मऊ कापडावर मांडलेलं. प्रत्येक आकृती शब्दांत सांगतात आणि ते वाक्य स्वतःला पटेपर्यंत पुन्हा वाचतात. मी मध्येच गेन बदलला तर टॉकबॅकवर विचारतात, "काही हलवलंत का हो?" त्यांच्या कानासारखा कान मी आमच्या धंद्यातही फार पाहिलेला नाही. एकदा वाचन संपवून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या त्या पोरांचं गाणं ऐकलं. ड्रम पुठ्ठ्याच्या खोक्यावर काडी मारल्यासारखा का वाजतोय? इथे असा नव्हता वाजत." रेकॉर्डिंगच्या दिवशी त्या बाहेर आपल्या वेळेची वाट बघत बसल्या होत्या आणि भिंतीतून ऐकलं होतं. मी त्यांना पोलॅरिटीची सगळी हकिकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि पुढच्या सहामाहीची सगळी पुस्तकं आगाऊ बुक केली. पैसेही आगाऊ. ते पत्र मग मालकाकडे गेलं नाही.

बरं, एक विचारल्याशिवाय सांगतो. रेकॉर्डिंगच्या आधी क्रेडिट्स लेखी घ्या. मैत्रीत घ्यायला लाज वाटते, तरी घ्या. रेकॉर्डिंग कुणी केलं, कुठे केलं, मिक्स कुणाचं, हे एका कागदावर आणि त्याखाली सही. ट्रॅकला 'ऑडिओ ०७' असलं नाव ठेवून कुणाला पाठवू नका. रफ मिक्स कधीही पुसू नका. आणि दुसऱ्याचं रेकॉर्डिंग आलं की कुठलंही बटण दाबायच्या आधी सोबतचा कागद वाचा, निदान लाल अक्षरं तरी.

पुढे ड्रमर स्वतःहून आला. हार्ड डिस्क घेऊन, एकटाच. म्हणाला, "दादा, मला खरंच वाजवता येत नाही का? सगळे म्हणतात तो आवाज माझाच आहे." त्याला डेस्कसमोर बसवलं. मूळ ट्रॅक उघडले, फक्त स्नेअरचे दोन फेडर वर केले, बाकी सगळे खाली. आधी जसं रेकॉर्ड केलं तसं ऐकवलं. मग खालच्या माइकचं पोलॅरिटीचं बटण दाबलं. स्नेअर गेला. पुन्हा दाबलं. आला. त्याने माझा हात बाजूला केला आणि ते बटण स्वतः दाबत बसला, आत, बाहेर, आत, बाहेर, किती वेळ ते मी मोजलं नाही. मग बाकीच्या तिघांना फोन करून बोलावून घेतलं.

लेबलला गाणं सात इंची रेकॉर्डवर पुन्हा काढायचं होतं, ४५ आरपीएमवर. बँडने अट घातली की मिक्स आमचं लागेल. मी नवीन काही केलं नाही, रफ मिक्सच थोडं साफ केलं. विनाइलच्या कटिंगसाठी खालचा बेस मध्यभागी आणला, गाणारीचे 'स' आणि 'श' जरा बसवले, नाहीतर आतल्या खोबणीत ते चरचरतात. लिमिटर जवळजवळ काढूनच टाकला. आवाजाची पातळी कमी आहे म्हणून लेबलवाला कुरकुरला. त्याला सांगितलं की स्पॉटिफाय सगळ्यांना आवाजाच्या जोराच्या मापात उणे १४ एलयूएफएसच्या आसपास आणून ठेवतं, तुमचं ओरडणं तिथे फुकट जातं, आणि विनाइल ऐकणाऱ्याच्या हाताशी व्हॉल्यूमचं बटण असतंच.

जे परीक्षक पोकळ म्हणाले होते त्यांच्यातल्याच एकाने लिहिलं की नव्या आवृत्तीत ड्रम्स 'पुन्हा रेकॉर्ड केलेले' दिसतात आणि आता कुठे गाण्याला न्याय मिळाला. मी उत्तर पाठवलं, त्यात पेडलच्या कुरकुरीची जागा सेकंदासकट दिली. छापलं नाही. पण ड्रम्सवाले बँड परत यायला लागले, कॉम्प्रेसर परत आला, तोच नाही, पण त्याच जातीचा.

रेकॉर्डच्या पाठीवर आता स्टुडिओचं नाव आहे. छापताना एक अक्षर चुकलंय. पुढच्या छपाईत दुरुस्त करतो असं लेबलने कळवलंय, आणि या वेळी ते मी लेखी घेतलंय.